नानांच्या ब्रेकमधली हवा

२१ एप्रिल २०१९, रविवार

दिवाळीनंतर थेट आज वही उघडतो आहे. माफी मागायची तर या कोऱ्या पानांचीच. लिहिण्यासारखं काही घडलं नाही असं नाही. पण लिहिलं की ते वाचावं लागतं, आणि ते मी टाळत होतो.

आजही टाळलं असतं. पण आज नानांशी खोटं बोललो, आणि ते कुठंतरी नोंदवून ठेवल्याशिवाय चैन पडणार नाही.

त्यांच्या मोटारसायकलच्या पुढच्या ब्रेकची मूठ काही दिवसांपासून मऊ लागत होती. दाबली की थेट हँडलला टेकायची; ब्रेकच्या तेलात हवा शिरली की असं होतं. ही गाडी त्यांनी निवृत्त झाल्यावर घेतली. आमच्या गल्लीतली पहिली डिस्क ब्रेकवाली, हे अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात. मेकॅनिककडे न्यायची नाही — "ते लोक जुनं तेल काढत नाहीत, वरून भर घालतात." म्हणून मीच बसलो. हातानं दाबायचा व्हॅक्यूम पंप माझ्याकडे आहेच. माझ्या जुन्या गाडीसाठी हौसेनं मागवला होता.

हँडलवरच्या डबीचं झाकण उघडलं. आतलं ब्रेक ऑइल कोऱ्या चहासारखं झालेलं. ते शोषून काढलं, नवं ओतलं. मग खाली, चाकाजवळच्या निपलला, म्हणजे हवा काढायच्या छोट्या तोटीला, पारदर्शक नळी लावली, नळीचं दुसरं टोक बाटलीत, बाटलीला पंप. पंप दाबून त्याच्यावरचा काटा वर चढवला आणि पान्यानं निपल अगदी जरासं सैल केलं. नळीतून आधी काळपट तेल, मग मोठमोठे बुडबुडे, मग स्वच्छ तेल. वर डबीत भर घालत राहायचं, ती रिकामी होऊ द्यायची नाही, एवढंच पथ्य. निपल आवळलं. मूठ दाबून पाहिली. दगड!

ओसरीतून नानांनी विचारलं, "विशू, झालं का रे?"

मी म्हणालो, "नाही. हवा आहे अजून."

ठरवून म्हणालो नाही. तोंडातून निघून गेलं.

२२ एप्रिल

खोटं तोंडातून 'निघून जात' नाही. काल लिहिलेलं वाचलं आणि स्वतःचीच लाज वाटली. मला काय हवं होतं ते मला नीट माहीत होतं.

नानांना काचबिंदू आहे. फेब्रुवारीत डॉक्टरांनी माझ्यासमोर सांगितलं — समोरचं ठीक दिसतं, कडेचं गेलं आहे, ते परत येणार नाही. गाडी बंद. नाना खुर्चीतून उठता उठता म्हणाले, "मी कडेनं चालवतच नाही डॉक्टर, समोरच चालवतो." डॉक्टरसुद्धा हसले. मीही हसलो. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नाना नेहमीसारखे कॅन बांधून पाण्याला गेले.

पडेगावच्या आमच्या बाजूला नळ नाही. सगळीकडे नव्या इमारती उभ्या राहतायत, प्रत्येक इमारतीला बोअर, आणि आमचं बोअर मार्चमध्येच आटलं. वापरायला टँकर. प्यायचं पाणी नाना आणतात, दौलताबादच्या रस्त्यानं पुढे आत वळून, कारभारींच्या विहिरीवरून. नाना पाटबंधारे खात्यात होते तेव्हापासूनची ती ओळख. घरात एवढं एकच काम आता त्यांचं म्हणून उरलं आहे.

पुण्याहून ताई फोनवर ओरडते. "किल्ली लपव ना सरळ!" किल्ली जानव्याला बांधलेली असते. आंघोळीलासुद्धा ती सोबत जाते. आणि नसती तरी — बापाची किल्ली लपवायची?

किल्ली लपवणं वाईट वाटतं आणि खोटं बोलणं चालतं. हा माझा हिशेब.

२४ एप्रिल

आज पुन्हा बसलो 'हवा काढायला'. कामावरून आलो तर नाना स्टूल टाकून गाडीशेजारी बसलेलेच. टॉर्च हातात.

"आज मी बघतो कुठून येते ती."

आता एकही बुडबुडा येणार नाही आणि माझं खोटं उघडं पडणार. पण झालं भलतंच. पंप मारला, निपल सैल केलं, आणि नळीतून बारीक बुडबुडे येत राहिले. सारखे, एकामागून एक. ब्रेकमध्ये हवा नाही, मूठ पक्की आहे, तरी बुडबुडे! मग लक्षात आलं. ही हवा आतली नाहीच. निपल सैल केलं की त्याच्या आट्यांमधून पंप बाहेरची हवा ओढून घेतो. आट्यांना थोडं ग्रीस लावलं की हे थांबतं. ग्रीसची डबी माझ्या मागेच होती.

मी ती उघडली नाही. नळीकडे बोट दाखवून म्हणालो, "बघा नाना. येतेच आहे."

त्यांनी नळी अगदी नाकाशी धरली. "व्हय की. बेटी मोठी चिवट आहे." शहरात इतकी वर्षं काढली तरी 'व्हय' सुटत नाही.

रविवारी नुसता बोललो होतो. आज पुरावा दाखवला. कारखान्यात माझं कामच तपासणीचं. माझ्या सहीशिवाय माल गेटबाहेर जात नाही, आणि सही करण्याआधी प्रत्येक गोष्ट मी स्वतः डोळ्यांनी बघतो याचा मला अभिमान आहे. खरी गोष्ट खोट्याची साक्ष देऊ शकते हे मला कळायला हवं होतं.

जाता जाता नानांच्या हातून तेलाची बाटली कलंडली, टाकीवर ओघळ आला. ब्रेक ऑइल रंग खातं, लगेच धुवावं लागतं. धुणार कशानं? बायकोनं, उमानं, आतून तांदूळ धुतलेलं पाणी आणलं, झाडांना घालायला ठेवलेलं. तेच ओतलं. टाकी वाचली. मोगरा आज तहानलेला राहिला.

२५ एप्रिल

टँकर आला नाही. पाण्यासाठी मी स्कूटरवर गेलो असतो, तर नाना म्हणाले, "राहू दे. पुरवून वापरू. ब्रेक झाला की मी जातोच."

२८ एप्रिल, रविवार

सकाळी ऊन चढायच्या आत बसलो. आता हा रिवाजच पडला आहे. मी जमिनीवर, नाना स्टुलावर. ते पंप दाबतात, मी पाना धरतो.

काटा चढत गेला तसे नाना धरणावरच्या दिवसांबद्दल बोलायला लागले. पैठणला असताना पाण्याच्या पातळीचा आकडा रोज फोनवर वर कळवावा लागायचा. एकदा दुष्काळात तोच आकडा रोज खाली जाताना बघून त्यांच्या साहेबांनी सांगितलं होतं, "जोशी, उद्या जरा बरा आकडा द्या हो, वर सगळे वैतागलेत."

"मग? दिलात?"

"छट्. मी म्हटलं, साहेब, बरा आकडा द्यायला बरं पाणी लागतं."

खूप हसलो. इतकं एकत्र हसून किती दिवस झाले कोण जाणे. आई गेल्यानंतर तर आमच्यात बोलायला औषधं आणि वर्तमानपत्र एवढंच उरलं होतं. आणि आता रोज तासभर एका नळीत बघत आम्ही गप्पा मारतो.

मला हे आवडायला लागलं आहे. हे सगळ्यात वाईट.

आणि गोष्ट कुठली, तर खोटा आकडा न देण्याची.

३० एप्रिल

प्यायचं पाणी संपलंच. नानांना न सांगता कामावरून परस्पर कारभारींच्या विहिरीवर गेलो. कॅन सकाळीच स्कूटरवर पायापाशी ठेवले होते. कारभारी बाजेवर बसले होते.

"नाना दिसना गेलेत. तब्येत बरी हाये ना?"

"बरी आहे. गाडीचा ब्रेक बिघडलाय."

"मंग बरंच झालं बिघडला." मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "तुमाला सांगितलं नसंल त्यांनी. मला बी नको म्हनले व्हते. पन आता तुमी इचारलंच हाये —"

मी काहीच विचारलं नव्हतं.

"त्या बाभळीच्या वळनावर. बद्रीनाथची पोरगी घागर घेऊन डाव्या अंगानं आली. नानाला दिसलीच नाय. पोरीनं टाकली उडी, म्हनून वाचली. घागर चाकाखाली चपटी झाली. खरचटलं फक्त. देवाची मेहरबानी म्हनायची."

"कधी?"

"झाले की पंधरा-वीस दिस. दुसऱ्या दिशी नवी घागर घेऊन आले नाना. तिच्या घरी सोता नेऊन दिली. मानूस लई भला हाये हो. पन दिसना गेलंय त्याला."

कॅन भरून परत येताना त्या वळणावर थांबलो. बाभळीखालून एक पाऊलवाट येते, डावीकडून. मलासुद्धा ती मान वळवल्यावरच दिसली.

पोरीला नवी घागर दिली, आणि ती द्यायलाही गाडीवरच गेले असणार! कसली ही हट्टी जात. एवढं होऊनही त्यांनी घरी अवाक्षर काढलं नाही. फक्त 'ब्रेक मऊ लागतोय' म्हणाले. म्हणजे दोष ब्रेकचा.

१ मे

सुट्टी. उमाला सगळं सांगितलं — पोरीचं, आणि माझ्या बुडबुड्यांचंही. ती पोळ्या लाटत होती. थांबली नाही.

"पोरीचं वाईट झालं. पण तुम्ही रोज त्यांना फसवता, ते कशासाठी?"

"त्यांनी गाडी चालवू नये म्हणून."

"मग तसं म्हणा की. चालवू नका म्हणा."

"ऐकणार नाहीत."

"तुम्ही म्हणून पाहिलंय?"

पाहिलेलं नाही. डॉक्टर म्हणाले, ताई म्हणाली. मी एकदाही म्हणालेलो नाही. उमानं पोळी तव्यावर टाकली आणि म्हणाली, "तुम्हाला त्यांच्याशी भांडायचं नाही, एवढंच आहे हे. ब्रेकला कशाला मधे आणता."

३ मे

नाना जेवताना म्हणाले, "मंगळवारी अक्षय तृतीया. त्याच्या आत झालं पाहिजे बरं का विशू."

आई गेल्यापासून दर अक्षय तृतीयेला तिच्या नावानं पाण्यानं भरलेली घागर ठेवतात. मातीची, वर आंबा, शेजारी आमरस-पोळीचं पान. ते पाणी टँकरचं चालत नाही. ते नाना स्वतः जाऊन विहिरीवरून आणतात.

मी म्हणालो, "नाही झालं तर मी आणीन ना."

"तुझ्या आईची घागर आहे. ती मी आणायची." मग आमटीचा भुरका मारून — "नाही झालं तर नाही झालं. मागचा ब्रेक आहे की. हळू जाईन."

उमानं माझ्याकडे पाहिलं. मी ताटाकडे.

म्हणजे इतके दिवस मी काय मिळवलं? गाडी त्यांना चांगली वाटली तरी ते जाणार, बिघडलेली वाटली तरी जाणार. आणि वाटेत ते बाभळीचं वळण.

४ मे

हे लिहू की नको, असं झालंय. लिहितोच.

नाना दुपारी झोपले होते. मी पाना घेऊन गाडीपाशी गेलो. निपल उघडायचं, पंप न लावता मूठ दोन-चारदा दाबायची, की आत खरीखुरी हवा शिरेल. मूठ हँडलला टेकेल. मागच्या ब्रेकचा रॉड सोडवायचा, म्हणजे तोही ब्रेक गेला. मग नाना काय, कुणीच ही गाडी दारातून बाहेर काढणार नाही. इतकं सोपं. आणि माझं बोलणं खरंसुद्धा ठरेल!

पाना निपलवर बसवला. फिरवायला जोर लावला. निपल हललं.

आणि मला समोर दिसलं — नाना तरीही गाडी काढतायत. 'हळू जाईन' म्हणत. ब्रेक दोन्ही गेलेले, आणि ते कुणी घालवले ते फक्त मला माहीत.

निपल आवळलं. पुन्हा आवळलं. मूठ दाबली, पक्की होती. परत दाबली. हात धुवायला गेलो तर बादलीत पाणी नव्हतं, कपड्यालाच पुसले. ज्या हातांनी सह्या करतो तेच हात.

उद्या सांगायचं. सगळं.

५ मे, रविवार

सकाळी नाना स्टूल घेऊन आले. मी आधी ग्रीसची डबी उघडली, निपल पूर्ण काढून आट्यांना ग्रीस लावलं, परत बसवलं आणि शेवटचं एकदा सगळं साग्रसंगीत केलं. पंप, काटा, नळी. नळीतून स्वच्छ तेल आलं, एकही बुडबुडा नाही. निपल आवळून टाकलं.

"नाना, हवा नाहीये."

"नाही?" ते नळीकडेच बघत होते.

मग मी बोललो. पाठ करून ठेवलं होतं, तरी भलत्याच क्रमानं आलं. ब्रेक पहिल्याच रविवारी झाला होता. बुडबुडे बाहेरच्या हवेचे होते आणि ते मला माहीत होतं. कारभारींनी मला पोरीचं सांगितलं. तुम्हाला डावीकडचं दिसत नाही. मी तुम्हाला गाडी चालवू नका असं म्हणायला घाबरलो म्हणून हे केलं. आता म्हणतो. चालवू नका. मी ताईसारखा ओरडणार नाही, पण चालवू नका.

नानांनी सगळं ऐकून घेतलं. बाहेरच्या रस्त्यावरून एक टँकर गेला.

"झालं बोलून?"

"हो."

उठले. सदऱ्यात हात घालून जानवं पुढे ओढलं, किल्ली सोडवली, गाडीला लावली. गाडीवर बसले. मी हँडल धरायला पुढे झालो, तर नजरेनंच थांबवलं. उजव्या हातानं ब्रेकची मूठ दाबली. मी बघत होतो. ती सुरुवातीलाच अडली. त्यापुढे सुताइतकीही गेली नाही. त्यांच्या बोटांची पेरं पांढरी पडली.

बराच वेळ तशीच दाबून धरली. मग मान पूर्ण डावीकडे वळवून फाटकापर्यंत बघितलं.

"नाही रे," म्हणाले. "मऊच आहे. हवा आहे अजून."

"नाना, मी आत्ताच सांगितलं ना —"

"मूठ कोण दाबतंय? मी ना?"

"हो."

"मग मऊ आहे."

उतरले. किल्ली काढून घेतली. "परवा तुझ्या स्कूटरवर जाऊ. घागर मी धरतो मागं बसून." आणि स्टूल उचलून आत गेले.

त्यांच्यामागे मी मूठ दाबून पाहिली. दगड. शनिवारी माझ्याकडून काही चुकलं की काय म्हणून खाली वाकून पुन्हा सगळं तपासलं. कुठं थेंब नाही.

६ मे

काही उमगत नाही. हातातला जोर गेला त्यांच्या? की माझं खोटं मला परत केलं, शिक्षा म्हणून? दिवसभर कामात लक्ष नव्हतं. उमाला विचारलं तर म्हणाली, "मला काय विचारता. उद्या त्यांच्याबरोबरच आहात ना."

७ मे, अक्षय तृतीया

सकाळी उन्हाच्या आत निघालो. नाना मागे, मांडीवर रिकामी मातीची घागर. बाभळ दिसायला लागली तसा त्यांचा हात माझ्या खांद्यावर आला आणि खांदा घट्ट धरला.

"इथं हळू घे," म्हणाले. "डावीकडून पोरी येतात."

मी अगदी थांबलोच. पाऊलवाटेवर कुणी नव्हतं. तरी आम्ही थोडा वेळ तसेच उभे राहिलो. मग मागून — "त्या दिवसापासून मला या वळणाची भीती वाटते रे. नवी घागर द्यायला मी रिक्षानं आलो होतो."

विहिरीवर कारभारींना मोठ्यानं सांगितलं, "काय करता, गाडीची हवा निघेना! पोरगा रोज खपतोय बिचारा." कारभारी माझ्याकडे बघून म्हणाले, "निघंल, निघंल. घाई कशाला करायची?"

आईची घागर भरून आणली. एक थेंब सांडू दिला नाही त्यांनी.

संध्याकाळी पाहिलं, गाडीची किल्ली दारामागच्या खिळ्याला अडकवलेली होती. आणि स्टूल ओसरीत, गाडीशेजारी मांडलेलं.

उद्या: कामावरून आल्यावर नानांच्या ब्रेकची हवा काढणे.